जागावाल्याचा मंगळवार

आमच्या ह्यांना तुरुंगात सगळे जागावाला म्हणायचे. कैद्यांना जागा देणारा नव्हे, ते काम जमादाराचं. हे तिथला सर्व्हर सांभाळायचे, आणि सर्व्हरवरची जागा संपली की मगच लोकांना ह्यांची आठवण यायची. "जागावाले, फोटो चढत नाहीत." "जागावाले, रजिस्टर अडकलंय, बघा जरा." एरवी कुणी चहालाही विचारत नसे. मी म्हणायची, तुमचं काम मोरीसारखं आहे, तुंबल्याशिवाय कुणाला आठवत नाही. त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "मोरी कमी तुंबते."

आमचं क्वार्टर तुरुंगाच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुरुंगाचं लहान गेट दिसायचं, आणि त्यासमोरचा सिमेंटचा बाक. सुटणाऱ्यांचे नातेवाईक तिथं बसायचे. बावीस वर्षं मी भांडी घासता घासता तो बाक बघितला.

घरातही ह्यांचा स्वभाव कामासारखाच. नवी चप्पल आणली तरी जुनी महिनाभर शेजारी ठेवायची. नवी चावली तर? घड्याळाचा सेल बदलला तरी जुना खिशात. आणि कपाटातला एक खण कायम रिकामा. त्यावरून मी किती भांडले असेन. माझ्या साड्या एकावर एक कोंबलेल्या आणि ह्यांचा खण मोकळा. "त्या खणामुळे मला झोप लागते," म्हणायचे. मी म्हणायची, मग त्यातच झोपा.

रोज ताटावर ऐकून ऐकून मलाही ते काम अर्धंमुर्धं पाठ झालं होतं. सर्व्हरमध्ये तीन डिस्का होत्या. तिन्हींची जागा मिळून एक ढीग करायचा, आणि ढिगातून लागेल तेवढा वाटा काढून द्यायचा. एका वाट्यात कैद्यांचं रजिस्टर आणि कोर्टाकडून येणारे हुकूम, दुसऱ्यात कॅमेऱ्यांचं चित्रण, तिसऱ्यात बाकीचा किरकोळ पसारा. वाट्याला ते व्हॉल्यूम म्हणायचे. आणि ढिगातली थोडी जागा कुणालाच द्यायची नाही, मोकळी राखायची. तो ह्यांचा तिथला रिकामा खण.

शिवाय रोज सकाळी रजिस्टरचा स्नॅपशॉट घ्यायचे. मला वाटायचं, म्हणजे फोटो. तसं नव्हतं. मशीन सगळ्याची नक्कल करत नाही. ते एवढंच ठरवतं, की आत्तापासून कुठलंही पान बदलण्याआधी जुनं पान बाजूला काढून ठेवायचं. मग कधीही त्या सकाळी रजिस्टर कसं होतं ते बघता येतं, हवं तर सगळं तिथंच परत नेता येतं. मात्र बाजूला ठेवायची जागा मोजकी असते. ती भरली की थोडी पानं जात नाहीत, अख्खा स्नॅपशॉटच बाद होतो.

"म्हणजे जुनं टिकवायचं तर नवं फार लिहायचं नाही?" मी विचारलं होतं.

"तसंच काहीसं," हे म्हणाले. "म्हणून तर मोकळी जागा लागते."

मग नवे साहेब आले. तुरुंगाचे मुख्य. आले ते भिंतीवर दुप्पट कॅमेरे लावायचं डोक्यात घेऊनच आले. कॅमेऱ्यांना जागा हवी, आणि ती दिसली ह्यांच्या राखीव ढिगात. हे म्हणाले, साहेब, ती अडीनडीला लागते. साहेब म्हणाले, रिकामी जागा म्हणजे फुकट पगार खाणारा नोकर. दिली शेवटी. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्या दिवशी घरी येऊन हे कपाट उघडून आपल्या रिकाम्या खणाकडे बघत उभे राहिले. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मुख्य कचेरीतून फर्मान आलं, की रजिस्टरचा नवा प्रोग्राम आजच्या आज बसवा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आजच्या आज म्हणायला काय जातं! दुपारी बसवला आणि रजिस्टर कोलमडलं. एका बराकीतले कैदी दुसरीत दिसायला लागले, निम्मी पानं उघडेनात. संध्याकाळी बराकी बंद करण्याआधी कैद्यांची मोजणी असते, ती यादीशी जुळल्याशिवाय कुणालाही घरी जाता येत नाही. साहेबांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. "सकाळी होतं तसं करून द्या. बाकी मला काही सांगू नका."

सकाळचा स्नॅपशॉट होता. त्यावर परत जाणं अवघड नव्हतं. पण ह्यांची एक रीत होती. मागं जाण्याआधी मोडक्याची नक्कल बाजूला काढून ठेवायची, कारण मोडक्यातही त्या दिवसाचं काहीतरी असतं. त्या नकलेला जागा लागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे म्हणाले, कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण थोडं काढू दे. साहेब म्हणाले, हात लावायचा नाही. मग हे नक्कल न काढताच मागं गेले. रजिस्टर सकाळसारखं झालं, आणि सकाळपासूनचा दिवस पुसला गेला. ह्यांनी प्रत्येक विभागाला फोन केला, की आज जे जे मशीनमध्ये घातलं ते कागद बघून पुन्हा घाला. लोकांनी कुरकुरत घातलं. मोजणी जुळली. साहेबांनी वर कळवून टाकलं: एकही नोंद गहाळ नाही.

ज्या नोंदीचा कागद होता ती कुठलीच गहाळ नव्हती, हे खरं. पण एक गोष्ट माणसाच्या हातून जातच नव्हती. कोर्टाचे हुकूम तारेवरून थेट मशीनमध्ये यायचे, मशीनच कोर्टाला उलट पोच धाडायचं, आणि कारकून ते जेवणानंतर कधीतरी उघडायचा. त्या गुरुवारी सकाळी एका पोराच्या सुटकेचा हुकूम आला होता. पोच गेली. मग दुपार झाली, प्रोग्राम बसला, आणि मागं जाताना तो हुकूमही गेला. तो आला होता हे आत कुणाला ठाऊकच नव्हतं, मग शोधणार कोण?

शुक्रवारी त्या पोराची आई बाकावर येऊन बसली. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला ताई म्हणायची. पोराचं नाव कसल्याशा मारामारीत गोवलं होतं, कोर्टानं त्याला सोडलं होतं. तिच्या पिशवीत त्याचा इस्त्री केलेला शर्ट होता. गेटवरचा कारकून दर वेळी एकच सांगायचा, "हुकूम आला नाही. आला की सोडू. पोरगा काय आम्हाला ठेवून घ्यायचाय?" ती परत बाकावर. शनिवार-रविवार कोर्ट बंद. वकील फोन उचलेना. मी पाणी दिलं, चहा दिला, दुपारी घरात बोलावलं तर आली नाही. म्हणाली, "तेवढ्यात बाहेर आला तर? धाकटा आहे माझा. दमेकरी आहे. पिशवी त्याला उचलायला लावायची नाही."

सोमवारी सकाळी तिनं फोन माझ्यासमोर धरला. "वकिलानं हे पाठवलंय, ताई. मला फार वाचता येत नाही. ह्यात मिळाला असं लिहिलंय का हो?"

लिहिलं होतं. हुकूम मिळाला, गुरुवार सकाळ, तुरुंगाचं नाव.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी ताट वाढता वाढता सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. रंग असा उतरला की मला वाटलं, ह्यांनाच काहीतरी होतंय. "आपण मागं गेलो," हे म्हणाले, "पण पोच पुढं निघून गेली होती." आणि हात न धुता उठून गेले.

त्या दुपारी काय काय झालं ते मला नंतर कळलं. हे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, एकही नोंद गहाळ नाही असं मी लिहून दिलंय, आता तुम्ही मला खोटं पाडणार? ह्यांनी स्वतः कोर्टात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, आमच्याकडे तुमची पोच आहे, दुसऱ्यांदा हवा तर साहेबांच्या सहीचं पत्र आणा. पत्र तयार झालं. साहेब बैठकीला निघाले होते. "उद्या सकाळी करतो सही. एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?"

मंगळवारी पहाटे बराकीत त्या पोराला दम्याचा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

अकराच्या सुमारास सही झाली आणि दुपारी हुकूम आला. वरातीमागून घोडं. आणि मग साहेबांच्या डोक्यात जे आलं ते आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हुकूम गुरुवारचा आहे ना? मग सुटकेची नोंद गुरुवारचीच करा. कैदी गुरुवारी सुटला, त्याला तसं सांगितलं, पण तब्येत बरी नसल्यानं तो आपल्या मर्जीनं दवाखान्यात थांबला. म्हणजे मेला तो कैदी नव्हेच, सुटलेला माणूस. चौकशी नाही, काही नाही. अंगठाही कुठून तरी उमटला.

प्रोग्राम मागची तारीख घेत नव्हता. ती वाट उघडून द्यायला जागावाला लागला. ह्यांनी दिली. मी हे झाकणार नाही. माझा नवरा म्हणून पांघरूण घालायचं, तर पांघरूण पुरत नाही. आठवडाभर मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. पण एक होतं. तारीख उघडून दिली ती दुपारी, आणि मंगळवार सकाळचा स्नॅपशॉट त्याआधी घेतलेला होता. पहाटेचं तोवर कुणी मशीनमध्ये घातलं नव्हतं, त्यामुळे त्यात तो पोरगा बराकीतच होता. सुटका नाही, दवाखाना नाही, अंगठा नाही.

साहेबांनी जुने स्नॅपशॉट काढून टाका असं सांगितलं. ह्यांनी बाकी सगळे काढले, मंगळवारचा ठेवला. बाकीच्यांची सुटलेली जागा त्यालाच दिली. रोजचे नवे घेणं बंद केलं, म्हणजे आता काही मोडलं असतं तर मागं यायला दुसरी वाटच नव्हती. तरी तो रोज भरतच चालला होता. कुठलाही कैदी आला-गेला, की मंगळवारचं एक पान बाजूला जायचं. हे घरी आले की मी बोलत नसताना आपणच सांगायचे, "आज निम्मा झाला." "आज दोन तृतीयांश."

"डिस्कवर उतरवून घरी घेऊन या," मी शेवटी म्हटलं.

"घरी आणलं की ती चोरी. उद्या म्हणतील, ह्यानंच घरात बसून बनवलं. मशीनमध्ये आहे तोवरच त्याला किंमत."

त्या सुमाराला मावशी आली. दहा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. गेटवर तिला सांगितलं होतं, की हुकूम आल्याचं गेटला कळलंच नव्हतं, पण आत गुरुवारीच तुमच्या मुलाला सुटकेचं कळवलं, फार खूश झाला होता. ती मला म्हणत होती, "तेवढं तरी झालं, ताई. सुटल्याचं कळून गेला." हे दारात उभे होते. मी डोळ्यांनी ह्यांना खुणावत होते की गप्प राहा. एक महिनाभर तरी त्या बाईजवळ तेवढं राहू दे असं मला वाटत होतं.

"मावशी," हे म्हणाले, "त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं."

सगळं सांगितलं. हुकूम कसा गेला, साहेब काय म्हणाले, तारीख कुणी उघडून दिली. स्वतःचं काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "तुमच्याकडे हे सगळं असून तुम्ही माझ्याकडे आलात का नाही?" ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी वकिलाला घेऊन आली. वकिलानं अर्ज केला, की सर्व्हर आहे तसा सील करावा. म्हणाला, गुरुवारी हुकूम निघेल. फार तर शुक्रवारी.

बुधवारी मंगळवारचा स्नॅपशॉट जवळजवळ भरत आला होता. आणि बुधवारीच कोर्टाकडून एक मोठी यादी आली. तुरुंगात माणसं मावत नव्हती, म्हणून किरकोळ गुन्ह्यांतल्या साठ-सत्तर जणांना एकदम सोडायचं होतं. प्रत्येकाचा नवा फोटो, दहा बोटांचे ठसे, सगळं मशीनमध्ये. ते लिहिलं की मंगळवार गेला.

हे दुपारी घरी आले, जेवले नाहीत. मी खिडकीतून बघत होते. बाकावर जागा नव्हती. लोक रस्त्याच्या कडेला बसले होते, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडेवर पोरं. मावशीही होती त्यांच्यात. कुणीतरी तिला बाकावर सरकून जागा दिली होती.

"मशीन बंद आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. "जागावाला म्हणाला बंद, तर कोण तपासायला येतंय? एकच दिवस. उद्या सील होईल. हे लोक एक दिवस जास्त राहिले तर काय आभाळ..."

तिथं मी थांबले. माझ्याच तोंडातून कुणाचं वाक्य निघालं ते मला कळलं.

"त्यालाही एकच दिवस हवा होता," हे म्हणाले.

मग चप्पल घालून गेले. मला वाटलं होतं, आधी बाकावर जाऊन तिला विचारतील. विचारलं नाही. मी नंतर त्यावरून ओरडले तेव्हा म्हणाले, "काय विचारणार? तुझ्या मेलेल्या पोराला धरू की ह्यांच्या जिवंत पोरांना सोडू, असं? ती हो म्हणाली असती तरी आयुष्यभर तिलाच टोचलं असतं, आणि नाही म्हणाली असती तरी." मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

नोंदी सुरू झाल्या. हे पडद्यासमोर बसून टक्के बघत होते. सगळी यादी संपायच्या आतच स्नॅपशॉट भरला, आणि मशीननं तो बाद म्हणून दाखवला. आवाज नाही, काही नाही. एक ओळ आली एवढंच. बाकीच्या नोंदी पुऱ्या करून देऊन हे बाहेर आले आणि सरळ बाकाकडे गेले. मीही हात पुसत खाली उतरले.

"मावशी, ते गेलं," हे म्हणाले. "मी जाऊ दिलं. ह्यांना सोडायचं होतं म्हणून."

तिनं ह्यांच्याकडे बघितलं, मग गेटकडे. माणसं एकेक करून बाहेर पडत होती, उजेडाला डोळे बारीक करत. कुणी आईच्या गळ्यात पडत होतं, कुणी नुसतंच पिशवी घेऊन चालू लागत होतं. ती रागावली असती तर ह्यांना बरं वाटलं असतं.

मग ती उठली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटली. कुठली बराक? कुठली बराक, बाळा? बहुतेकांनी मान हलवली. एक काटकुळा पोरगा थांबला. त्याच बराकीतला होता. धाकट्याच्या शेजारीच झोपायचा.

"तो काही बोलायचा का?" तिनं विचारलं.

पोरगा घुटमळला. मागं गेटकडे बघितलं. "रोज संध्याकाळी विचारायचा," तो म्हणाला, "आई कागद घेऊन आली का म्हणून. आम्ही चिडवायचो, तुझी आई विसरली तुला. शेवटी शेवटी तोही तेच म्हणायला लागला होता."

वकील तिथंच होता. त्यानं पटकन विचारलं, हे कोर्टात सांगशील का? पोरगा म्हणाला, "नाही हो साहेब. मला परत आत जायचं नाही," आणि जवळजवळ पळतच गर्दीत शिरला.

सील करायचा हुकूम शुक्रवारी आला. अधिकारी आले, मशीन तपासलं, आणि लिहून गेले, की कैदी गुरुवारी सुटल्याची नोंद आहे, विरुद्ध काही आढळलं नाही. ह्यांनी जबाब दिला होता, सगळं होतं तसं. पुरावा काय, असं विचारलं तेव्हा ह्यांच्याजवळ दाखवायला काही उरलं नव्हतं. पुढं ह्यांची बदली झाली, क्वार्टर सुटलं. हे रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. नव्या घरात आल्यावर मी ह्यांच्यासाठी कपाटातला एक खण आपणहून मोकळा ठेवला होता. ह्यांनी एक दिवस त्यात माझ्या साड्या आणून ठेवल्या.

पण तो बुधवार काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोरगा पळाल्यावर मावशी बाकाजवळ परत आली. बाक आता रिकामा झाला होता, सगळे आपापली माणसं घेऊन गेले होते. तिनं बाकावर तळहात ठेवला, जिथं ती शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत बसली होती तिथंच, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "मी इथंच होते रे." मग पिशवी उचलली. शर्ट अजून त्यातच होता.